तेल घातलंत का?

माझ्या शिलाईच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर, वजनमापे खात्यातले एक निवृत्त इन्स्पेक्टर राहतात. त्यांची जुनी टू-स्ट्रोक फटफटी ही माझी बत्तीस वर्षांची डोकेदुखी. सकाळी किक मारली की निळा धूर थेट माझ्या दुकानात, आणि टांगलेले पांढरे शर्ट गिऱ्हाइकाच्या अंगावर जायच्या आधीच वापरल्यासारखे दिसणार. भांडून भांडून थकलो. ते म्हणायचे, धूर दिसतोय म्हणजे इंजिनाला तेल मिळतंय, काळजी नसावी. जणू मी काळजीपोटीच बोंबलत होतो.

या गाडीचं तेल पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं. दर सोमवारी निघताना ते मापाने तेल टाकीत ओतायचे आणि मग पंपावर जाऊन पेट्रोल भरायचे. माप म्हणजे खोकल्याच्या औषधाचं झाकण, त्यांच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, काढून दिलेलं. जन्मभर दुकानदारांचे तराजू तपासलेला माणूस स्वतःच्या घरी बिनशिक्क्याचं माप वापरतो, यावरून मी त्यांना पुष्कळ छळलं. गाडी बाहेर निघाली की वर गॅलरीतून वहिनी विचारायच्या, "अहो, तेल घातलंत का?" आणि खालून उत्तर जायचं, "घातलं गं." हे इतकं ठरलेलं होतं, की तेवढ्यापुरती माझी कात्रीही थांबायची.

गेल्या वर्षी वहिनी गेल्या. तीन आठवडे गाडी जागची हलली नाही. मग एका सोमवारी त्यांनी ती बाहेर काढली, किक मारली आणि वर न बघताच म्हणाले, "घातलं गं." मी मान खाली घालून काजं करत राहिलो. पुढे दर सोमवारी तेच. विचारणारं माणूस गेलं होतं, उत्तर तेवढं मागे राहिलं होतं.

असंच एका सोमवारी "घातलं गं" म्हणून गेले, आणि बुधवारी भर उन्हात गाडी ढकलत परत आले. पिस्टन चिकटला होता. सोमवारी तेल घालायचंच राहिलं होतं. तोंडाने 'घातलं' म्हटलं, आणि स्वतःच्या शब्दावर विश्वास ठेवून निघाले. दिव्याखाली अंधार, हे अगदी माझ्या ओठावर आलं होतं. त्यांचा चेहरा बघून गिळलं.

मेकॅनिक म्हणाला, सिलिंडर घासावा लागेल, त्याला मोठ्या मापाचा पिस्टन लागेल, आणि तो आता कोणी बनवत नाही. जुन्या सामानात सापडला तर ठीक, नाहीतर गाडी भंगारात. परगावच्या मुलीने फोनवर सांगितलं, बाबा, देऊन टाका ती आणि इकडे या. ते बघू म्हणाले.

दीड महिना माझे शर्ट पांढरेशुभ्र राहिले आणि मला सकाळी करमेनासं झालं. एका दुपारी ते कॉलर उलटून घ्यायला शर्ट घेऊन आले. कॉलर चांगली होती. मी स्टूल पुढे केलं. ते मशीनच्या चाकाकडे बघत बसले.

"घरात मला आता कोणी काही विचारत नाही," ते म्हणाले. "जेवलात का, कुठे निघालात, काही नाही. गाडी होती तोवर तो एक प्रश्न तरी होता."

त्या माणसाची मला फार दया आली, आणि माझीही थोडी आली.

पिस्टन शेवटी मेकॅनिकच्या उस्तादाच्या जुन्या डब्यात सापडला. सोमवारी गाडी पुन्हा दारात उभी राहिली. त्यांनी किकवर पाय ठेवला आणि तसेच थांबले. वर गॅलरीकडे बघत होते. ओठ हलले, पण आवाज निघाला नाही. आपल्याच उत्तराची त्यांना धास्ती वाटत होती.

मी मशीनवरून उठलो. विचारायचा मला काही हक्क नव्हता. तरी दारात गेलो आणि माझ्या त्या भांडकुदळ आवाजात विचारलं, "अहो, तेल घातलंत का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. वर बघतच म्हणाले, "नाही गं."

मग गाडी स्टँडला लावून झाकण आणायला जिना चढून गेले. बराच वेळ खाली आले नाहीत.