महाजन सरांचे विमानातले दोन तास

स्टाफरूममधले किस्से कोणी जमवत नाही हो, ते खडूच्या भुकटीसारखे आपोआप साचतात! आमच्या बुऱ्हाणपूरच्या शाळेत तर निम्मे एकट्या महाजन सरांचे. भूगोल शिकवायचे. राज्यांची नवी जुळवाजुळव झाली होती, आमची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली होती, आणि सर रोज नकाशावर पेन्सिलीनं नव्या सीमा काढत बसायचे.

त्यातच त्यांच्या कुसुमला मुंबईचं स्थळ सांगून आलं. महाजन वहिनी एका पायावर तयार! सरांनी मात्र जाहीर केलं, "मुलगा मी स्वतः पाहिल्याशिवाय होकार नाही. आणि मी विमानानं जाणार!"

*

सरांनी नकाशावर इंदूर ते मुंबई दोरा ताणला, पट्टीला लावला. "सव्वातीनशे मैल. फक्त दोन तास!"

आमचा शिपाई रामा, तुकईथड गावचा, चहा घेऊन उभा होता. "पन सर, इंदूर तं उलट्या बाजूले आहे ना! मुंबईची गाडी तं आपल्याच टेसनावरून जाते. रात्री बसा, सकाळी उतरा."

"रामा, तू घंटा वाजव!"

*

रजेच्या अर्जात प्रश्न होता, राज्याबाहेर जाणार का? सरांनी लिहिलं, "सध्याच्या मांडणीनुसार, होय."

हेडमास्तर म्हणाले, "आणा इकडे, लगेच सही करतो. उद्यापर्यंत बदललं तर?"

*

निघायचं शुक्रवारी, पण भटजींना शुक्रवार पसंत नाही. मग गुरुवारच्या मुहूर्तावर सरांनी प्रस्थान ठेवलं, म्हणजे आपली बॅग राजपुऱ्यात आमच्या घरी आणून ठेवली. एकदा प्रस्थान ठेवलं की ते घरी परत न्यायचं नाही, निघतानाच उचलायचं. बॅग रात्रभर माझ्या ताब्यात! मला कुठला आवरतो मोह? धोतरांच्या घडीत आमचा वरवंटा सारून दिला.

आमच्याकडे आठवडाभर चटणी झाली नाही, आणि बायकोची बोलणी खाल्ली ती वेगळीच.

*

खंडव्याला गाडी बदलून सर इंदूरला पोचले, तिथं मुक्काम केला. शनिवारी विमानतळावर बॅग काट्यावर चढली आणि वजन जास्त भरलं. उघडून बघतात तो वरवंटा! सरांना वाटलं, स्वतःचं ओझं कमी करायला वहिनींनीच आपल्या मुंबईच्या भावासाठी घातला असणार. तो टाकायची काय बिशाद! त्यांनी दोन कोट, तीन सदरे अंगावर चढवले, बॅग हलकी केली आणि भर उन्हाचे विमानात बसले.

"दोन तास," ते नंतर सांगायचे, "पण घाम दोन दिवसांचा!"

*

इकडे वहिनी आणि कुसुम शुक्रवारी रात्री बुऱ्हाणपूरला गाडीत बसल्या आणि शनिवारी सकाळी मुंबईत भावाच्या घरी हजर! मुलाकडचे संध्याकाळी यायचे, ते सकाळीच येऊन गेले. सर कोटावर कोट घालून दारात पोचले तेव्हा वहिनी डोळे पुसत होत्या.

"काय झालं?"

"विचारा तुमच्या लाडकीला! नकार देऊन मोकळी झाली."

सरांनी वरचा कोट उतरवला. एवढं उडत आले आणि मुलगा पाहायलाच मिळाला नाही! "अगं पण का?"

"बाबा, तो म्हणाला, तिकडे बुऱ्हाणपुरात मराठी माणसं असतात?"

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, असतात ना. आणि रात्रीच्या गाडीनं परतही जातात."