झील धरणाऱ्या चंदाबाई

लेस्टरच्या वेस्ट ब्रिजपासून कॅनॉलच्या काठाकाठाने आम्ही ॲबी पार्कपर्यंत आलो, तरी चंदाबाईंनी बसचं नाव काढलं नव्हतं. हॉस्पिटलमधून निघतानाच मी म्हटलं होतं, "बस घेऊ या, दम लागेल तुम्हाला." त्यांनी नुसता हात हलवला. त्यांचं बरोबरच होतं. बेलग्रेव्ह रोडच्या बसमध्ये ओळखीचं कोणी भेटलं नाही असं होत नाही. "काय म्हणाले डॉक्टर?" असं कोणीतरी विचारलंच असतं, आणि उत्तर द्यायला त्यांच्याकडे आवाज नव्हता. होता तो म्हणजे तवा घासल्यासारखी खरखर, तीही कान जवळ नेला तर ऐकू येणारी.

डॉक्टर काय म्हणाले ते आधी सांगते. गेल्या वर्षी चंदाबाईंच्या घशात गाठ निघाली. रेडिएशनचे शेक दिले. गाठ गेली म्हणाले, मग परत आली म्हणाले. आता स्वरयंत्रच काढावं लागेल. मानेला भोक राहील, श्वास तिथून. आवाज गेला तो गेला, पुढे मशीन लावून थोडं बोलता येईल कदाचित. एवढं करूनही भरवसा नाही, कारण मानेतल्या गाठींमध्येही ते उतरलंय. ऑपरेशन नको असेल तर त्रास कमी करायची औषधं देतील, किती महिने ते सांगता येत नाही. विचार करून सोमवारी फोन करा. हे सगळं मी तिथे बसून दोनदा मराठीत सांगितलं. नर्सने टिश्यूचं खोकं पुढे सरकवलं. चंदाबाईंनी त्यातला एक कागद काढला, घडी करून पर्समध्ये ठेवला आणि उठल्या.

पार्कपाशी वाटेवर मोठी करडी बदकं आडवी बसली होती, काळ्या मानेची. माणसं आली तरी ती हलत नाहीत. चंदाबाई थांबल्या, माझा दंड धरून खाली वाकवलं आणि कानात म्हणाल्या, "कॅनडा गूज. माझ्या माहेरची."

मला हसू आलं. या बाईने कॅनडात कधी पाऊलसुद्धा टाकलेलं नाही.

चंदाबाई पगारे मूळच्या मनमाडच्या. वडील रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये कामाला आणि संध्याकाळी बाबासाहेबांच्या जलशात झीलकरी. जलशात एक जण पुढे उभा राहून ओळ म्हणतो. मागचे दोघेतिघे त्या ओळीचं टोक उचलतात, वर नेतात, ताणतात आणि पुन्हा पुढच्याच्या हातात देतात. त्याला झील धरणं म्हणतात. पोरीला स्टेजवर जागा नव्हती, पण तालमीला कोणी आलं नाही की वडील म्हणायचे, "चंदे, उभी राहा." तेवढं त्यांचं गाणं. पुढे लग्न होऊन लेस्टरला आल्या. नवरा होजिअरीच्या गिरणीत, याही तिथेच मशीनवर. गिरणी बंद पडल्यावर हॉस्पिटलात वॉर्ड पुसायला. नवरा गेला. मुलगा धम्मदीप शिकला, एडिनबराला बँकेत लागला. आमच्या विहारात त्या दर रविवारी पुढच्या रांगेत बसत, पण त्यांना गाताना मी कधी ऐकलं नव्हतं. पहिल्यांदा ऐकलं ते पंधरा वर्षांपूर्वी, तेही डर्बीशायरच्या एका शेतात.

तिथे उन्हाळ्यात फोक फेस्टिव्हल असतो. विहारातर्फे आम्ही वडापावचा स्टॉल लावला होता. मी पाव कापत होते, चंदाबाई कढईवर, आणि आमचे सेक्रेटरी जगदीशभाऊ अहिरे गल्ल्यावर. मागे मोठा तंबू. त्यात एकदम धडधड सुरू झाली, लाकडावर कोणी पाय आपटावेत तशी. मग फिडल. मग एका पुरुषाने एक ओळ म्हटली आणि तिघाचौघांनी तीच ओळ परत म्हटली. पुन्हा एक ओळ, पुन्हा उत्तर.

चंदाबाईंचा झारा हवेतच थांबला. "हे काय गं?"

"काय माहीत. फ्रेंच वाटतंय."

"भाषा नाही विचारत. झील धरताहेत ती."

आणि बाई गेल्या. एप्रन तसाच, हाताला बेसन तसंच. मी गॅस बंद करायला वळले तोवर वड्यांचा एक घाणा काळा झाला होता. त्या घाण्याचा विषय जगदीशभाऊ अजून काढतात.

मी मागोमाग तंबूत शिरले. कॅनडातल्या क्वेबेक भागातली मंडळी होती. धिप्पाड माणूस खुर्चीवर बसून फिडल वाजवत होता आणि दोन्ही पायांनी फळीवर ताल धरत होता. त्याने लोकांना शिकवलं होतं, मी म्हणेन तसं म्हणा आणि थांबा. लोक तसं म्हणत होते आणि थांबत होते. चंदाबाई नाही थांबल्या. सगळ्यांची ओळ संपली आणि त्यांनी शेवटचा शब्द उचलला, मनमाडला उचलत तसा, वर नेला आणि ताणला. अख्खा तंबू गप्प, आणि बेसनाच्या हातांची एक बुटकी बाई मान वर करून एकटी.

त्या माणसाचा फिडलचा गज हवेत राहिला. चंदाबाईंच्या लक्षात आलं. एप्रनचं टोक तोंडावर धरून म्हणाल्या, "सॉरी, सॉरी." या देशात आल्यापासून कोणाचा धक्का लागला तरी त्याच सॉरी म्हणायच्या.

तो हसला. "नो सॉरी, मादाम! अगेन!"

मग प्रत्येक ओळीनंतर तो त्यांच्याकडे बघून थांबायचा. त्या वर जाऊन खाली येईपर्यंत पुढची ओळ म्हणायचा नाही. बाहेर आल्या तेव्हा कान लाल झालेले. जगदीशभाऊ म्हणाले, "काय चंदाबाई, वडे कोणी तळायचे?" त्या म्हणाल्या, "तुम्ही."

त्यानंतर दर उन्हाळ्याला त्यांचं ठरलेलं. कोणत्या फेस्टिव्हलला कॅनडाची मंडळी येताहेत ते धम्मदीपला फोनवर शोधायला लावायच्या. पिवळं जॅकेट घालून गेटवर व्हॉलंटिअर म्हणून उभ्या राहायच्या, म्हणजे आत फुकट. साठी उलटल्यावर तंबूत झोपायच्या, गरम पाण्याची पिशवी पोटाशी धरून. मला दोनदा नेलं, माझी पाठ धरली म्हणून मी सोडलं. तिथेच त्यांनी नोव्हा स्कोशियाच्या बाया ऐकल्या, लोकरीचं ओलं कापड टेबलावर आपटत गाणाऱ्या. एक म्हणते, बाकीच्या धरतात. न्यूफाउंडलंडची कोळ्यांची गाणी ऐकली, बुडालेल्या बोटींची. फोक म्हणजे काय, रूट्स म्हणजे काय, असले शब्द त्यांच्या तोंडी नसत. त्या दोनच जाती मानायच्या, उत्तर मागणारी गाणी आणि न मागणारी.

सीडीच्या टेबलापाशी जाऊन बोट ठेवत फिरायच्या. "कॅनडा? धिस? कॅनडा?" विकणारे त्यांना ओळखायला लागले होते, नवीन काही आलं की बाजूला काढून ठेवायचे. घरी बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या फोटोखालचं अख्खं कपाट सीडींनी भरलं.

विहारात मात्र यावरून टोमणे असत. एका जयंतीला जगदीशभाऊ सगळ्यांसमोर म्हणाले, "आपली भीमगीतं कमी पडली का चंदाबाईंना, की गोऱ्यांच्या मागे शेतात जाऊन गातात?"

चंदाबाई पत्रावळी मांडत होत्या. न थांबता म्हणाल्या, "जगदीशभाऊ, तुमच्या स्पीकरमध्ये कोरस आधीच भरलेला असतो. त्यात मी कुठे घुसू? एकदा तो बंद करा आणि तुम्ही ओळ म्हणा. नाही धरली तर सांगा."

जगदीशभाऊ हसले, बाकीचे हसले. स्पीकर चालूच राहिला. मलाही उठून तो बंद करावा असं वाटलं नाही. तेव्हा गंमतच वाटली होती.

सीडींवरही त्यांची हीच तक्रार असायची. "सगळं भरून ठेवलंय गं, शिरायला जागा नाही." एकच सीडी त्यांना मनासारखी मिळाली होती. कोणा म्हाताऱ्या कोळ्याला त्याच्या स्वयंपाकघरात बसवून कोणीतरी रेकॉर्ड केलेलं. वाद्य नाही, साथ नाही. मागे किटली ठेवल्याचा आवाज येतो. म्हाताऱ्याला दम पुरत नाही, म्हणून प्रत्येक ओळीनंतर तो थांबतो. त्या थांबण्यात चंदाबाई झील धरायच्या. भांडी घासताना, पोळ्या लाटताना. मी त्यांच्याकडे गेले की दारातून ऐकू यायचं, एक मेलेला म्हातारा आणि एक मनमाडची बाई. "तो बिचारा एकटाच गात बसला असता," म्हणायच्या.

घसा बसला तेव्हा त्यांना वाटलं, तंबूतली सर्दी. मीही हळद-दूध सांगितलं. विहारात गेले की एक मेणबत्ती त्यांच्या नावाने लावत होते.

या उन्हाळ्यात शेक संपल्यावर हट्टाने एका फेस्टिव्हलला गेल्या. धम्मदीप घेऊन गेला होता, त्यानेच मला सांगितलं. नोव्हा स्कोशियाची एक तरुण मुलगी त्यांना ओळखत होती, तिने स्टेजवरून हाक मारली, कुठे आहे माझी कॅनडा लेडी? चंदाबाईंनी हात वर केला. मुलीने ओळ म्हटली आणि थांबली. चंदाबाईंनी तोंड उघडलं. मुलगी थोडा वेळ थांबली, मग तिने स्वतःच उत्तर म्हणून टाकलं आणि पुढे गेली. दुसरं काय करणार ती? 

ॲबी पार्कपासून त्यांचं घर तसं जवळ, पण त्या दिवशी बराच वेळ लागला. दर बाकावर बसायचं होतं. मी बोलत राहिले. नव्या औषधांबद्दल, बर्मिंगहॅमच्या एका ओळखीच्या बाईंबद्दल, ज्यांचं असंच ऑपरेशन होऊन त्या आता भाजी आणायला जातात. सगळं अनित्य आहे हे मी रोज वंदनेत म्हणते. त्या दिवशी ते ओठांवर आलं, पण म्हणवलं नाही. चंदाबाई मान हलवत होत्या, हो म्हणून नाही, ऐकतेय म्हणून.

घरी पोचलो तोच धम्मदीपचा फोन आला. मी स्पीकरवर लावला.

"आई, तू ऑपरेशन करून घे, ओके? मी संडेला येतो. मशीनने तुझी आवाज परत येईल, मी व्हिडिओ पाहिला. आई? आर यू देअर?"

चंदाबाई काहीतरी म्हणाल्या. त्याला ऐकू गेलं नाही. पुन्हा म्हणाल्या.

"रूपालीमावशी, आई काय म्हणते?"

"जेवलास का, विचारताहेत," मी म्हटलं.

तो पलीकडे रडायला लागला आणि त्याने फोन ठेवला.

मी चहा टाकला. चंदाबाईंनी कपाट उघडून म्हाताऱ्याची सीडी लावली. किटली ठेवल्याचा आवाज आला. त्याने ओळ म्हटली आणि थांबला. फ्रिजची घरघर ऐकू येत होती. चंदाबाई ओट्याला टेकून उभ्या होत्या, तोंड मिटलेलं. त्याने दुसरी ओळ म्हटली आणि थांबला. मला वाटलं बंद करावं. पण त्या अख्खं गाणं तशाच उभ्या राहिल्या. प्रत्येक थांबण्यात फक्त त्यांची हनुवटी जराशी वर जायची आणि परत खाली यायची.

गाणं संपल्यावर त्यांनीच बटण दाबलं.

"ऑपरेशन करा," मी म्हटलं. "धम्मदीपसाठी तरी."

त्यांनी मला जवळ ओढलं. बेसनाचे, साबणाचे, म्हातारपणाचे ते हात गार पडले होते. कानाशी एकेक शब्द सुटा सुटा आला.

"गाण्यापायी नकार देत नाहीये मी. गाणं गेलंच. मी थकले गं. भोक पाडून, मशीन लावून परत तेच. डॉक्टरच्या डोळ्यात दिसलं ना तुला?"

दिसलं होतं. 

"पोरगा रविवारी येईल. समोर रडला तर मी हो म्हणीन. मला माहीत आहे." त्यांनी दम घेतला. मी थांबले. "आणि फोनवर मला बोलता येत नाही. सोमवारी फोन तू कर. रविवारी मी काही का म्हणेना, तू नाही म्हणून सांग. बाईला ऑपरेशन नको, म्हण. थँक्यू म्हण त्या डॉक्टरला."

पुन्हा दम घेतला.

"सॉरी म्हणू नकोस."