रत्नाकररावांचा ‘नोइंगली’

चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या एका सरकारी कचेरीत कुणाच्या हातून काही बिघडलं, की मेमोचा मसुदा हेडक्लार्क रत्नाकररावच करत. त्यांचा भारी जीव एका इंग्रजी शब्दावर: नोइंगली. म्हणजे पुरतं ठाऊक असून, समजून-उमजून. कुणी उशिरा आला तर नोइंगली, चहा सांडला तरी नोइंगली. हा शब्द नसला की माणूस ताकिदीवर सुटे. असला की बढती अडे. समोरच्याला खरंच ठाऊक होतं का, हे विचारण्याच्या भानगडीत राव पडत नसत. स्वतःसाठी मात्र त्यांनी ‘नजरचुकीनं’ राखून ठेवला होता.

यंदा आयुधपूजेला, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, कचेरीतल्या कपाटांना, कुलपांना गंध-कुंकू लागलं, किल्ल्या देवीपुढं मांडल्या गेल्या, चुरमुरे खाऊन मंडळी घरी गेली. सुट्टीनंतर येऊन बघतात तो दप्तरखोली सताड उघडी, आणि फायलींवर एक कुत्री पिल्लं घालून निवांत पडलेली! खोली शेषगिरीच्या ताब्यात. हा तंजावरकडचा मराठी कारकून निवृत्तीला टेकलेला, बढती अगदी तोंडावर आलेली. मसुदा लगेच तयार: शेषगिरीनं दार नोइंगली उघडं टाकलं.

“सार, मी कुलूप लावलों होतों की,” शेषगिरी म्हणाला. “तरी मेमो द्या. ते एक शब्द मात्र काढून सोडा. बढती गेली तर घरी काय तोंड दाखवूं?”

“बघतो,” राव म्हणाले. म्हणजे बघणार नव्हते.

संध्याकाळी जेवताना बायको, जयवंतीबाई, शर्ट घेऊन आल्या. “पूजेच्या दिवशीचा ना हा? खिशाला एवढं कुंकू कुठून हो?”

रावांचा घास हातातच राहिला. सगळे गेल्यावर दप्तरखोलीत विसरलेला डबा आणायला तेच परत गेले होते. देवीपुढची किल्ली उचलली, कुंकवानं माखलेलं कुलूप काढलं, डबा घेतला. तेवढ्यात खिशातला फोन वाजला, कुंकवाच्या हातानंच तो काढला, आणि दार तसंच टाकून बोलत बोलत ते बाहेर पडले.

त्यांना मनापासून वाईट वाटलं. “बिचारा शेषगिरी,” असं ते पुन्हा पुन्हा म्हणाले, आणि पान अर्धं टाकून उठले.

सकाळी त्यांनी मसुदा पुढं ओढला. आपला निरोपसमारंभही जवळ आलाय, डाग कशाला लावून घ्या, असं मनात आलं. एक स्वल्पविराम सुधारून त्यांनी सही केली आणि कागद साहेबांकडं पाठवला.

शेषगिरी दारातच उभा होता. “बघितलात का, सार?”

“बघितलं,” राव म्हणाले. आजवर तो शब्द ते अंदाजानंच ठोकून देत आले होते. या खेपेला मात्र कुणाला तरी सगळं ठाऊक होतं.