ताईच्या वहीतलं वाक्य

माझी थोरली बहीण नगरपालिकेत लघुलेखिका होती. सभेत जो जे बोलेल ते ती पेन्सिलीने भराभर वहीत टिपायची आणि मग टाइप करून इतिवृत्त तयार करायची. ती वही तिच्याशिवाय कुणालाच वाचता येत नसे.

एकदा नगराध्यक्ष भर सभेत बोलून गेले, "तीन महिन्यांत शाळेचं छप्पर झालं नाही, तर खुर्ची सोडतो." दुसऱ्या दिवशी त्यांनी ताईला बोलावलं. "बाई, तेवढं वाक्य गाळा. निवृत्तीला आठच महिने राहिलेत ना तुमच्या?"

ताईने वाक्य गाळलं. तेव्हापासून तिला धड जेवण जाईना.

तीन महिने उलटले तरी छप्पर गळतच होतं. सभेत एका मुलाच्या आईने नगराध्यक्षांना त्यांच्या शब्दाची आठवण करून दिली.

"इतिवृत्तात दाखवा की," ते हसून म्हणाले.

मी मागच्या बाकावर होतो. ताईने पिशवीतून वही काढली.

"इतिवृत्तात नाही, साहेब. मी गाळलं. इथे आहे." तिने ते वाक्य वाचून दाखवलं.

"या रेघोट्या कुणाला कळणार, बाई?"

"मला कळतात."

सभागृहात कुणी हसलं नाही.

घरी येताच मी विचारलं, "आता पेन्शनचं काय गं?"

"बघू. आधी पान वाढ. भूक लागलीये."

ती पोटभर जेवली. माझ्या घशाखाली मात्र घास उतरेना.