आधी वास, मग फीड

दुपारचं फीड अर्धं झालं आणि काकांना पुन्हा उलटी झाली. मी सिरिंज बाजूला टाकली, त्यांना कुशीवर वळवलं, तोंड पुसून घेतलं. उलटी श्वासनळीत गेली तर माणूस दगावतो. त्या आठवड्यात हे रोजचंच झालं होतं.

मी घरोघरी जाऊन पेशंट सांभाळते. नांदुऱ्याच्या या काकांना लकवा मारला होता. बोलणं गेलं, गिळणं गेलं, एक हात तेवढा चालायचा. नाकातून पोटापर्यंत नळी घातलेली होती. दूध, वरणाचं पाणी सिरिंजने त्या नळीत सोडायचं. त्यालाच फीड म्हणतात.

डॉक्टर घरी आले. नळी जागेवर आहे का, पोट फुगलंय का, सगळं पाहिलं. मग काकूंना विचारलं, "स्वयंपाक कुठे करता?"

"करतच नाही जी. लेकाच्या घरून डबा येते. यायले वास जाऊ नये म्हणून मागच्या खोलीत दार लावून खातो."

"वास जाऊ द्या. भांडं वाजलं, वास आला की तोंडाला पाणी सुटतं ना? तेव्हाच पोटातही पाचक रस सुटायला लागतो. घास पडायच्या आधीच पोट तयारीला लागतं. यांच्या पोटाला काही कळतच नाही, एकदम दूध येऊन पडतं. उलटीचं तेही एक कारण असू शकतं. इथं स्वयंपाक करून पाहा."

मग माझ्याकडे वळले. "फीड सावकाश. तोंडात थेंबही नको. लाळ आली की लगेच पुसायची."

मी काकांच्या उशाशी एक मऊ कापड आणून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी काकूंनी वरणाला लसणाची फोडणी दिली. काकांनी डोळे उघडले. ओठांच्या कडेला लाळ आली. मी पुसत राहिले, मग हळूहळू फीड सोडलं. ते पोटात राहिलं. पुढचे काही दिवसही राहिलं.

एका दुपारी काकांनी चालता हात काकूंकडे केला आणि तोंड उघडलं. काकूंनी गॅस बंद केला.

"नको हे, सुमन. जेवाले बोलावतो अन् ताट उचलून घेतो, असं व्हून राह्यलं माह्या हातानं."

"पण काकू, उलटी थांबली."

"तुह्याकडे हात करते काय ते? माह्याकडे करते."

मी काकांचे ओठ पुसून घेतले.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाक झाला नाही. मी फीड घेऊन गेले, तर काकांनी माझं मनगट धरलं. सोडेनात. मग स्वयंपाकघराकडे बोट केलं. काकू बराच वेळ दारात उभ्या होत्या. शेवटी डोळे पुसत आत गेल्या. त्या गडबडीत लसूण करपला. काकांनी नाक मुरडलं आणि हात हलवून नापसंती दाखवली.

"बाप्पा! खात नाही, पीत नाही, अन् नावं ठेवाले पुढं!"

काकू हसल्या आणि पदर तोंडाला लावून तशाच रडायला लागल्या.

त्यानंतर त्या रोज काकांना विचारायच्या, "वांगं करू का पिठलं जी?" काका बोटानं सांगायचे. ते वांगं काकू एकट्याच खायच्या, पण त्यांच्या खाटेजवळ बसून.

दिवाळीनंतर काकांना दुसरा झटका आला. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा डोळे मिटलेलेच होते. काकूंनी नेहमीसारखी फोडणी दिली. मी कापड घेऊन ओठांजवळ बसले.

"सुटलं का वं पाणी?"

"नाही, काकू."

त्यांनी जास्त लसूण घालून पुन्हा फोडणी केली. कढई खाटेपर्यंत आणली. कापड कोरडंच राहिलं. त्या दिवशीचं फीड परत वर आलं. डॉक्टर म्हणाले, आता जबरदस्ती करू नका. आठवड्याच्या आत काका गेले.

पोटाला आधी कळवावं लागतं, हे मी त्या घरी शिकले. पुढच्या पेशंटकडे त्याचा उपयोगही झाला. पण शरीरानं ऐकायचंच सोडलं की कापूस भिजवून ओठ ओले करायचे आणि बसून राहायचं. तेवढंच काम उरतं.