साताचं जावळं

दुपारचे अडीच. मास्तरांच्या उघड्या वहीवरच मी गाल टेकते. पाचला छापखान्याचा फोन येईल. शाळेच्या शताब्दीच्या स्मरणिकेत शेडगे मास्तरांचं हे पान घ्यायचं की गाळायचं, ते मला सांगायचंय. गाळायचंच, दुसरं काय! जांभळ्या शाईपेन्सिलीनं लिहिलेले दोनच आकडे आहेत, १,००,००,००,००७ आणि १,००,००,००,००१. खाली शब्द, ‘जावळी’. त्या तालुक्यात मास्तर पूर्वी नोकरीला होते.

दोन्ही मूळ संख्या, कशाकशानं भाग जात नाही, असं मास्तर सांगायचे. चार वर्षं हातानं भागाकार केले होते त्यांनी. आणि नववीत असताना मी भर वर्गात त्यांच्या वहीतला दुसरा आकडा मोठ्यानं वाचला, फळ्यावर सातानं भागला. बाकी शून्य! वर्ग फिदीफिदी हसला. त्याच उन्हाळ्यात मास्तर गेले. पन्नास वर्षं ते हसू माझ्या मानगुटीवर बसलंय.

डोळे जड होतायत.

“कुंदे, सरक जरा.”

मास्तर माझ्या बाकावर बसतात. वर्गात केळीची बाग आहे, फळ्याखालून पाटाचं पाणी वाहतंय. मला नवल वाटत नाही. ते माझ्या हातात केळं ठेवतात, एका सालीत दोन.

“ह्याला काय म्हणतात?”

“जुळं केळं.”

“ते पुस्तकात. तुझी आजी काय म्हणायची?”

“जावळं.” अंगावर सर्रकन काटा येतो. ‘जावळी’ म्हणजे तालुका नव्हे, जुळी!

“मूळ संख्यांच्या जुळ्यांत अंतर किती?”

“दोनाचं. अकरा-तेरा, सतरा-एकोणीस.”

“मग साताचं जावळं एक कसं होईल गं, शहाणे?”

“नऊ! अगं बाई, तो नऊ आहे! मास्तर, तुमचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय!”

ते खो खो हसतात. बाक आता एसटीत आहे, मास्तर खिडकीशी, मी खाली स्टँडवर.

“तेव्हाच का नाही बोललात?”

“वर्षभरात तू पहिल्यांदा तोंड उघडलं होतंस. भागाकारही बिनचूक होता. खाली बस म्हणालो असतो, तर पुन्हा उठली असतीस?”

गाडी सुटते. मी रडत रडत हात हलवते.

घरचा फोन वाजतोय. आधी मी मोबाइलवर तो आकडा घालून बघते, शेवटी नऊ. उत्तर येतं, मूळ संख्या. मग फोन उचलते.

“बाई, ते पान गाळू ना?”

“गाळताय कशाला! पहिलं घ्या! एकाच्या जागी नऊ घाला. आणि खाली लिहा, चूक मास्तरांची नव्हती, कुंदा जगदाळेची होती. नाव मोठ्या टायपात!”

फोन ठेवून आरशासमोर जाते. घामानं शाईपेन्सिल गालावर उमटलीय, उलटी, म्हणून आरशात सुलटी. शेवटच्या आकड्याचं वळण स्वच्छ दिसतंय. नऊ.

संध्याकाळी सगळ्या गल्लीतून फिरून येते. तोंड काही धूत नाही.