न मोडलेलं ताट

सांगलीहून मुंबईची बस पकडली तेव्हा बॅगेत बेदाण्याचे नमुने होते आणि लेकीसाठी भडंग. बस गावाबाहेरच्या नाक्यावरून वळताना डाव्या हाताला थोरल्या भावाचं घर लागतं. मी उजवीकडच्या खिडकीत बसलो होतो. वाटणीच्या बोलण्यातून मी उठून गेलो त्याला बरीच वर्षं झाली. भाव पटला नाही की उठायचं, दहा पावलं चालायचं आणि मागून हाक येते, हा माझा आयुष्यभराचा धंदा. त्या दिवशी हाक आली नाही. थोरला म्हणून कॉलेज त्याला, दुकान त्याला, आणि कोजागरीला आईनं ओवाळायचं तेही त्यालाच. मी आठवीतून उठून मार्केट यार्डात आलो. उठून गेलो तो मीच, पण ही गोष्ट मी विसरलेलो नाही.

दम्मामला विमान उतरलं तेव्हा खाली नुसता पिवळसर धुरकट पट्टा दिसत होता, वाळू कुठे संपते आणि समुद्र कुठे सुरू होतो ते कळेना. बाहेर आल्यावर चष्म्यावर वाफ धरली. जावई संदीपराव न्यायला आले होते. ते एका व्यापारी कंपनीत हिशेबाचं काम बघतात, स्वभावानं मऊ. गाडीत बसल्या बसल्या त्यांनी मला दोन गोष्टी सांगितल्या: इथे रस्त्यावर आवाज चढवायचा नाही, आणि पोलिसाशी वाद घालायचा नाही. मी म्हटलं, मी भांडायला आलोय का? त्यांनी गाडी सुरू केली.

दुसऱ्या दिवशी खजुराच्या बाजारात गेलो. मऊ, तपकिरी, मधात बुडवल्यासारखा खजूर उघड्या पेट्यांत रचलेला. दुकानदार चाखायला देत होता आणि भाव मात्र हलू देत नव्हता. मी पेटी खाली ठेवली आणि चालू लागलो. चौथ्या दुकानापाशी पोचलो तोवर मागून आवाज आला, "या हाजी, खलास, यल्ला!" (संपलं, चला.) मी वळलो तेव्हा संदीपराव घाम पुसत होते. मला फार बरं वाटलं. माझं चलन इथंही चालत होतं.

घरी मात्र माझी नात सई गप्प होती. अकरा वर्षांची पोर, भारतीय शाळेत सहावीत. आईनं मराठीत विचारलं तर हिंदीत उत्तर देणारी. मेघानं, म्हणजे माझ्या लेकीनं, मग सगळं सांगितलं. वरच्या मजल्यावर व्हिएतनामचं कुटुंब राहतं. बाप समुद्रातल्या तेलाच्या कामावर, कामाची पाळी संपेपर्यंत घरी येत नाही. त्यांची लान सईच्या वर्गात आहे. आपल्या शाळेची फी परवडते म्हणून इथे घातलेली. त्यांचा मुलांचा सण येतोय, तेत चुंग थू (शरदाच्या मध्याचा सण). लाननं आपल्या आजोबांनी केलेला कंदील वर्गात दाखवायला नेला होता. बांबूच्या काड्या, लाल जिलेटिन, पाच टोकांची चांदणी. आपल्याकडे दिवाळीला करतात तशीच. आत मेणबत्तीचा तुकडा होता. मेणबत्ती बघून वर्गाच्या बाईंनी कंदील जप्त केला आणि ऑफिसच्या कपाटात ठेवला. परत मिळेल तो सत्र संपल्यावर.

"सण कधी?" मी विचारलं.

"उद्या. आपली कोजागरी आहे ना, त्याच रात्री."

एरवी त्यांचा सण महिनाभर आधी येतो. यंदा त्यांच्याकडे अधिक महिना आला, म्हणून दोन्ही पौर्णिमा एकत्र. त्यांच्यातही अधिक महिना असतो हे ऐकून मला तो देश एकदम जवळचा वाटला, आणि कपाटातला कंदील जास्तच डाचू लागला.

मी उद्या शाळेत जातो म्हटल्यावर मेघाचा चेहरा उतरला.

"आप्पा, तिथं आवाज चढवू नका. सईचं नाव काढलं तर दुसऱ्या शाळेत जागा नाहीये."

सईनं तर हात धरला. "आजोबा, प्लीज, आप मत जाओ. हम लोग देख लेंगे."

पोरं काय बघणार, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, मेघा आंघोळीला गेल्यावर मी टॅक्सीनं शाळेत पोचलो. मुलींच्या विभागात पुरुषांना सरळ जाता येत नाही. फाटकाजवळच्या खोलीत बसवतात. मुख्याध्यापिका तिथे आल्या. उंच, थकलेल्या, हातात किल्ल्यांचा जुडगा. बोलणं हिंदीत झालं. सुरुवात मी चांगली केली. मग म्हटलं की मेणबत्ती ठेवून घ्या, कंदील द्या. त्या नियम सांगू लागल्या आणि माझा पारा चढला. मुलांना काही हक्क असतात की नाही? पोरीच्या आजोबानं केलेली वस्तू कुलूपबंद करायचा अधिकार कुणी दिला? खरं तर तिच्या सणाची तिला सुट्टी द्यायला हवी होती.

"त्या दिवशी त्यांच्या देशातही शाळेला सुट्टी नसते," बाई म्हणाल्या. "लाननंच सांगितलं मला. मुलं शाळेत जातात, सण संध्याकाळी करतात."

हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक नसलेली गोष्ट समोरच्यानं सांगितली की मी आणखी मोठ्यानं बोलतो. बोललो. मग हुकमी पत्ता काढला. राहू द्या तुमच्याकडेच, म्हणालो आणि उठलो. फाटक ओलांडलं. उन्हात चालत राहिलो. कोपऱ्यावरच्या बक्काल्यापर्यंत (किराणा दुकान) गेलो, पाण्याची बाटली घेतली, सावकाश प्यायलो. मागून कुणीही हाक मारली नाही. पहारेकऱ्यानं फाटक लावून घेतल्याचा आवाज तेवढा आला.

दुपारी सई घरी आली ती दप्तर टाकून सरळ माझ्यासमोर उभी राहिली. आणि पहिल्यांदाच माझ्याशी पूर्ण मराठीत बोलली.

"आम्ही मधल्या सुट्टीत स्वतः जाऊन विचारलं होतं. मॅडम हो म्हणाल्या होत्या. घरी जाताना घेऊन जा म्हणाल्या होत्या. मग तुम्ही आलात."

तेवढ्यात संदीपरावांचा फोन आला. शाळेनं उद्या पालकांना बोलावलं होतं. ते फोनवर एवढंच म्हणाले, "ठीक आहे, मी रजा टाकतो," आणि तो मऊ आवाज मला शिवीपेक्षा जास्त लागला.

संध्याकाळी सगळे गच्चीवर जमलो. मेघानं दूध आटवलं होतं, वेलची-जायफळाचा वास सुटला होता. लानच्या आईनं सतरंजीवर ताट मांडलं: नक्षीचे गोल केक, फळं, आणि मधोमध पपनसाच्या फोडी सोलून केलेला पांढरा झुबकेदार कुत्रा, डोळ्यांच्या जागी काळ्या बिया. सईनं मला हळूच समजावलं, चंद्र वर आला की मुलं हे ताट मोडतात, म्हणजे त्यातलं तोडून वाटून खातात. त्याला फा को म्हणतात. मोठ्यांनी त्याआधी हात लावायचा नाही.

चंद्र वर आला. मेघानं सईला थोरली म्हणून ओवाळलं. सई मान खाली घालून बसली होती. लान ओवाळणीचं तबक टक लावून बघत होती. तिला एक मोठा भाऊ आहे, तो तिकडे आजीकडे शिकतो; ही धाकटी, माझ्यासारखी. माझी नजर तबकावरून तिच्याकडे गेली आणि तिथेच अडकली.

मग तिच्या आईनं ताट पुढे केलं. लाननं मान हलवली. कंदिलाशिवाय नाही. सईही म्हणाली, नाही.

मला वाटलं, आता आई दटावेल. त्या बाईनं पपनसाच्या कुत्र्यावर ओला रुमाल टाकला, ताट झाकलं आणि तुटक इंग्रजीत मला म्हणाली, "आज त्यांचा दिवस. ती नाही म्हणाली, तर नाही."

दूध मी घेतलं आणि तसंच बाजूला ठेवलं. सईचं नाव कापलेलं मला शाळेच्या वहीत दिसत होतं. माझंही आठवीत असंच कापलं गेलं होतं, तेव्हा कुणी शाळेत विचारायलाही गेलं नाही. आणि इथे मी विचारायला गेलो म्हणून कापलं जाणार.

सकाळी संदीपरावांना म्हटलं, तुम्ही गाडीतच बसा. ते घाबरले. मी म्हटलं, भांडत नाही. त्यांचा विश्वास बसला नाही, माझाही फारसा नव्हता.

फाटकाजवळच्या खोलीत बाईंनी मला बराच वेळ बसवून ठेवलं. एकदा उठावंसं वाटलं. गुडघ्यांवर हात दाबून बसून राहिलो. त्या आल्या तेव्हा मी उभा राहिलो.

"काल मी ओरडलो, ते माझं. त्याची शिक्षा मला द्या. पण त्याआधी मुली तुमच्याकडे आल्या होत्या आणि तुम्ही हो म्हणाला होतात. तो शब्द त्यांनी मिळवलेला आहे. माझ्यामुळे तो मागे घेऊ नका."

बाई किल्ल्या चाळवत राहिल्या.

"आणि सईचं नाव?" मी विचारलं. आवाज माझाच का असं वाटावं इतका तो बारीक निघाला.

"तिचं नाव मी कशाला काढू? ती कुठे ओरडली?" त्या वळल्या, मग थांबल्या. "कंदील तुमच्या हातात देणार नाही. ज्यांनी मागितला त्यांना देईन. मेणबत्ती इथेच राहील."

मी गाडीत जाऊन सांगितलं. संदीपरावांनी स्टिअरिंगवर डोकं टेकलं.

दुपारी फाटक उघडलं. पोरींच्या लोंढ्यात लाल चांदणी वर धरलेली दिसली, एक टोक थोडं चेपलेलं. लान आणि सई माझ्याकडे न बघता गाडीकडे निघाल्या. मी मागून चालत होतो. गाडीपाशी पोचल्यावर लान वळली आणि हिंदीत म्हणाली, "आजोबा, जल्दी. कुत्ता सूख जाएगा."

त्या संध्याकाळी ताट मोडलं. कंदिलात सईच्या आईच्या मोबाइलची बत्ती ठेवली. चंद्र आदल्या रात्रीइतकाच गोल होता. कुत्र्याचे कान सुकले होते, तरी पहिला कान लाननं तोडला. मोठ्यांना शेवटी मिळालं. माझ्या वाट्याला शेपूट आली, कडूसर आणि गोड.

परतताना मुंबईहून पहाटेची बस मिळाली. गावाबाहेरच्या त्याच नाक्यावर मी कंडक्टरला थांबवायला सांगितलं. माझी तक्रार खरी आहे आणि ती मी सोडलेली नाही. पण हाकेची वाट बघत मी किती लांब चालत आलो, ते त्या बक्काल्यासमोर उभं राहिल्यापासून सारखं मनात येत होतं. हातात खजुराची पेटी होती. बेल वाजवल्यावर एकदा मागे वळावंसं वाटलं, पण पेटी घट्ट धरून उभा राहिलो.

दार भावानंच उघडलं. म्हातारा झालाय. त्यानं माझ्याकडे, मग पेटीकडे बघितलं, झाकण उघडून एक खजूर तोंडात टाकला.

"काय भावानं घेतलास?"

मी खरा भाव सांगितला.

"फसलास," तो म्हणाला आणि दारातून बाजूला झाला.

मी चपला काढल्या आणि आत गेलो.